तिसरं उत्तर

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीही नाही – ती गेली, तीसुद्धा हे न कळताच गेली. मुलांच्या लेखी मी एक भला, थोडा विसरभोळा, पेन्शनीतला मास्तर आहे. विसरभोळा! हे एक मी विसरलो असतो तर किती बरं झालं असतं. पण तुम्हाला सांगायचं तर सुरुवात कुठून करू? शाळेपासूनच करतो. शाळेवर बोलताना माझी जीभ अडखळत नाही, आणि जे खरं बोलायचं आहे ते तेवढंच लांबणीवर पडतं.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. मी घाटाच्या पायथ्याचा, आणि नेमणूक झाली मालवणच्या बाजूला, खाडीच्या तोंडावरच्या एका गावात. दाजी म्हणून एक जुने तांडेल होते – एके काळी स्वतः गलबत चालवलेले. त्यांच्या पडवीत माझी राहायची सोय झाली, जेवणही त्यांच्याकडेच. त्यांचा थोरला मुलगा जयराम गलबतावर खलाशी होता. सुभद्रा ही त्याची बायको. मूलबाळ नव्हतं.

ट्रेनिंगला असताना मला एका प्रकारच्या उदाहरणांचं वेड लागलं होतं. दोन वाक्यं द्यायची, ती खरी धरून चालायचं, आणि तिसरं वाक्य त्यांतून निघतं का ते पाहायचं. उत्तरं तीन. निघतं. त्याच्या उलट निघतं. आणि – सांगता येत नाही. पोरांना हे शेवटचं उत्तर म्हणजे हार वाटायची. मी त्यांना छाती फुगवून सांगायचो, बाळांनो, माहिती संपते तिथं थांबायला सगळ्यांत जास्त धीर लागतो. पोरांनी ते इतकं मनावर घेतलं की एक आई तक्रार घेऊन आली, "मास्तरांनू, भात वाढू काय म्हणान इचारलंय तर सांगाक येणा नाय म्हणता!" गावात माझं नावच पडलं, सांगता येत नाही मास्तर. मला त्या नावाचा अभिमान होता, हे लपवत नाही.

पुढे मोठ्यांसाठी साक्षरतेचा वर्ग निघाला. दुपारी जेवणं आटोपली की दहा-बारा बायका शाळेत यायच्या. सुभद्रा त्यांतली एक. अक्षरं तिला फार लवकर आली, म्हणून मी हौसेनं तिला ही उदाहरणंही घालायला लागलो. पाटीवर लिहिताना ती ओठ घट्ट मिटून धरायची. तिच्याइतकं स्वच्छ डोकं मी नंतर नोकरीभर पाहिलं नाही. हे तेव्हा तिला सांगितलं का? नाही सांगितलं.

एकदा मी उदाहरण घातलं. आपल्या बंदरात येणारं प्रत्येक गलबत मीठ आणतं. हे गलबत मीठ आणतं. म्हणून हे गलबत आपल्या बंदरात येणार. आणि घाईघाईत मीच म्हणालो, निघतं. सुभद्रा पाटीवरून मान वर न करता म्हणाली, "नाय गुरुजी, निघणा नाय. मीठ घेवन ता वेंगुर्ल्याक जायत."

बरोबर होतं तिचं. बायका खळखळून हसल्या. मीही हसलो – हसावंच लागलं. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट गावभर झाली, आणि रात्री जेवताना खुद्द दाजी म्हणाले, "काय मास्तरांनू, आमच्या सुनेन तुमका वेंगुर्ल्याक धाडल्यान!" गंमतच होती ती. त्यात दुष्टपणा काही नव्हता. पण मी त्या दिवशी अर्ध्या पानावरून उठलो. एवढं लक्षात ठेवा.

त्याच वर्षी वैशाख संपता संपता, हंगामाच्या शेवटच्या फेरीत, जयरामचं गलबत गोव्याच्या पुढे वादळात सापडलं. सहाजण होते. रेडीच्या किनाऱ्याला फळ्या लागल्या, गलबताच्या नावाची पाटी लागली, आणि दोन खलाशांची प्रेतं. जयराम त्या दोघांत नव्हता. बाकी चौघांचा पत्ता नाही.

गाव समजायचं ते समजलं. सुभद्रा समजेना. कपाळाचं कुंकू, गळ्यातलं मंगळसूत्र तसंच ठेवून ती रोज दुपारी बंदरावर जाऊन उभी राहायची. पावसाळ्यात गलबतं येत नाहीत हे का तिला ठाऊक नव्हतं? तरी जायची. कुणी समजूत घालायला गेलं की म्हणायची, "गलबत फुटला ह्या खरा. ते दोघे गेले ह्या पण खरा. त्याच्यातसून हे गेले ह्या खंय निघता?" हे तिला मीच शिकवलं होतं. ऐकून मी मान खाली घालून पडवीत जाऊन बसायचो.

मग गणपती तोंडावर आले. आमच्याकडे गौरीच्या दिवशी सवाष्णी ओवसा करतात – फळं, पानं भरलेलं सूप गौरीपुढं ओवाळतात. सुभद्रानं सूप धुऊन उन्हात ठेवलं. बस, त्या सुपावरून घरात ठिणगी पडली. सासू म्हणाली, हिनं ओवसा केला तर ते अभद्र. दाजींचं वेगळंच. पोरगा गेला असेल तर त्याचे दिवस घातले पाहिजेत, नाहीतर तो मध्येच लटकून राहील, हे त्यांना आतून खात होतं. म्हातारा तीन महिन्यांत अर्धा झाला होता. शेवटी ठरलं, ग्रामदेवतेला कौल लावायचा.

सकाळी सगळे देवळात जमले. गुरवानं ओल्या पाकळ्या पाषाणाच्या उजव्या-डाव्या अंगाला चिकटवल्या. उजवी पडली की होय, डावी पडली की नाही. गाऱ्हाणं झालं, सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं, आणि गुरवानं विचारलं, "जयराम जिवंत आसा तर उजवो दी, नसलो तर डावो दी."

पाकळी पडेना. उजवी नाही, डावी नाही. गुरवानं पुन्हा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. गुरव म्हणाला, "देव आज बोलणा नाय. गणपती झाल्यार परत लावया." रीत तीच होती. कौल मिळाला नाही तर थांबायचं.

पण थांबायचं म्हणजे परवाच्या ओवशाचं काय? कुजबुज सुरू झाली. आणि दाजी माझ्याकडे वळले. "मास्तरांनू, तुम्ही ह्या शिकवतास. ह्याच्यातसून काय निघता ता तुम्हीच सांगा."

तुम्ही सांगा, किती सोपं होतं? गावानं माझं नावच ते ठेवलं होतं. ते तीन शब्द मी दिवसातून वीस वेळा म्हणत होतो. देवानंसुद्धा त्या सकाळी तेच उत्तर दिलं होतं. मी फक्त त्याच्यामागून म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "जयराम जिवंत असता तर देवानं उजवा दिला असता. उजवा दिला नाही. आता काय ते समजा."

देवानं डावाही दिला नव्हता. हे तिथल्या कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण मास्तर बोलले होते. एकीच्या आलं. सुभद्रा खांबाला धरून सासूमागे उभी होती. ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "गुरुजी, ह्या निघता?"

मी म्हणालो, "निघतं."

ती वळली. घरी गेली, उन्हातलं सूप उचलून आत ठेवलं, आणि सासूनं सांगायच्या आत बांगड्या स्वतः उतरवल्या. त्यानंतर ती बंदरावर गेली नाही. वर्गालाही आली नाही.

मी असं का बोललो? वर्षानुवर्षं मी स्वतःला सांगत आलो की म्हाताऱ्याची दया आली. दया आली होती, खोटं नाही. मग जरा धीर करून सांगायला लागलो की ज्यांच्या पडवीत राहतो, ज्यांचं अन्न खातो, त्यांच्या तोंडावर त्यांच्या मनाविरुद्ध बोलायची छाती झाली नाही. तेही खरं. पण त्याखालचं – ते आज लिहितोय. तिनं मला विचारलं, "ह्या निघता?" तेव्हा माझ्या कानात त्या बायकांचं हसणं आलं. वेंगुर्लं आलं. सगळा गाव माझ्याकडे बघत होता आणि ही पुन्हा माझी चूक काढायला निघाली होती. दुसऱ्यांदा मला ते सोसवणार नव्हतं. एवढ्यासाठी. एका बाईचं कुंकू मी एवढ्याशासाठी पुसलं.

इथं थांबलो असतो तरी चाललं असतं असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटतं. पण पुढचं आहे.

दिवाळी होऊन हंगामाची गलबतं सुरू झाली. एका दुपारी मधल्या सुट्टीत एक अशक्त माणूस शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. आरोंद्याचा, गोविंद नावाचा. जयरामच्या गलबतावरचा. त्याला दुसऱ्या एका गलबतानं उचललं होतं, ते वर काठेवाडाकडे निघालेलं. तिथं तापानं पडून राहिला, समुद्र उघडल्यावर घरी आला. दाजींच्या घरी एकदम जायला त्याचा पाय उचलेना, म्हणून आधी मास्तरांकडे आला.

"जयराम माज्या हाताच्या अंतरार होतो," तो म्हणाला. "फळयेक धरून. चांगलो शुद्धीर. मगे मोठी लाट इली नी आमी लांब झालो. बुडताना मी बघूक नाय, मास्तरांनू. तेच्या बायलेक सांगाक इलंय."

दाजींचं घर तिथून चार घरं सोडून. सुभद्रा मागच्या अंगणात झावळं विणत असणार. मी गोविंदला पाणी दिलं आणि त्याला माझं शास्त्र शिकवलं. तू त्याला बुडताना पाहिलंस? नाही. वाचताना पाहिलंस? नाही. मग यातून काय निघतं? काही निघत नाही. दिवस घालून झालेत, बाई सावरली आहे, आता नुसत्या आशेला लावून तिचे हाल कशाला करायचे?

बघा, या वेळी माझा तर्क अगदी बिनचूक होता. देवळात जे उत्तर द्यायचं ते मी शाळेच्या दारात दिलं, आणि तेही नको त्या माणसाला. त्यानं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाला, "तुमका आमच्यापेक्षा जास्त कळता," आणि आल्या वाटेनं परत गेला. जयरामबद्दल तो पुढे कुणाकडे बोलला नाही. मीच तसं बजावलं होतं. माघात सासरच्यांनी सुभद्राला तिच्या भावाकडे पोचवलं, आणि मी बदलीचा अर्ज केला.

सहा-सात वर्षांनी मी खारेपाटणजवळच्या शाळेत होतो. बाजारात आमसुलांची टोपली घेऊन बसलेल्या एका बाईनं हाक मारली, "गुरुजी!" मी ओळखलं नाही, तिनं ओळखलं. तिच्या भावाचं गाव तिथून आत दोन कोसांवर होतं. माझी, बायकोमुलांची चौकशी केली. भाचरांना मी शिकवलेली उदाहरणं घालते म्हणाली, आणि हसली. मग टोपलीवरचं फडकं सारखं करत म्हणाली, "गुरुजी, एक इचारू? त्या दिवशी देवळात तुम्ही सांगलास ता – निघत होता मा? मी कितीदा मांडून बघलंय. माका काय ता निघणा नाय. माजाच खंयतरी चुकता असतला."

सहा वर्षं. भावाच्या घरचं भात कांडताना, काजूखाली पाचोळा झाडताना, सहा वर्षं ती माझी दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवून बघत होती, आणि चूक स्वतःची धरून चालली होती.

तिथं दाजी नव्हते. हसणारं कुणी नव्हतं. बाजारात आम्हा दोघांकडे कुणाचं लक्षही नव्हतं.

मी म्हणालो, "निघतं, सुभद्राबाई. तुमचंच चुकतंय."

"मगे बरा," ती म्हणाली. मोकळं झाल्यासारखं म्हणाली. आणि माझ्या पिशवीत मापाच्या वर मूठभर आमसुलं घातली. ती मी घरी आणली. वर्षभर आमटीत ती पडत राहिली आणि मी ती खात राहिलो.

जयराम परत आला नाही. म्हणजे मी देवळात बोललो ते कदाचित खरंही असेल. याच्या आडोशाला मी फार वर्षं उभा राहिलो. पण वाक्य खरं असणं आणि ते निघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी चौथीच्या पोरांना शिकवत होतो. सुभद्रा वारल्याचं मला पुढे तिच्या भाच्याकडून कळलं.

सुभद्राबाई, निघत नव्हतं. तुमचं कुठंही चुकलं नव्हतं. गोविंद आला होता, तुमच्या दारापासून चार घरांवर, आणि मी त्याला परत पाठवलं.