बाबांना मुद्दे सांगितले म्हणून कॉलेज बंद

मैत्रिणींनो, आज फार संतापले आहे, म्हणून लिहितेय.

आमच्या भिवंडीच्या शाळेत मी दहावीच्या मुलांना आपलं म्हणणं पटवून द्यायला शिकवते. आधी समोरच्याची भीती समजून घ्या, मग आपला मुद्दा मांडा, असं मी नेहमी सांगते.

जवळच्याच राहनाळ गावातल्या माझ्या वर्गातल्या एका मुलीने काल हे घरी करून पाहिलं. तिला अकरावीला ठाण्याच्या कॉलेजात जायचंय. ती म्हणाली, "बाबा, लोक नावं ठेवतील अशी तुम्हाला भीती वाटते, ते मला कळतं."

आज बाबा शाळेत हजर. "बाई, माझी पोर मला घाबरट बोलली! आमच्यात पोरी बापाला मुद्दे सांगत न्हाय. कॉलेज बंद!"

त्यावर मुख्याध्यापक मलाच म्हणाले, "मॅडम, झाडे लावा, पाणी वाचवा, असे भाषण स्पर्धेतले विषय द्या ना."

म्हणजे मुलींनी बोलायचं ते फक्त स्पर्धेत, बक्षिसापुरतं!

मुलगी दारातच उभी होती. हळूच म्हणाली, "बाबा, माझं अजून संपलं न्हाय." ते न ऐकताच निघून गेले.

उद्या संध्याकाळी मी तिच्या घरी जाणार आहे. तिचं उरलेलं म्हणणं तीच मांडेल, मी फक्त शेजारी बसेन. कोण येतंय सोबत?