खालाची सांजपंगत

पाहुण्याच्या मिशीला लागलेल्या मधावरही हक्क सांगणारी बाई साऱ्या अहमदपुरात एकच, आमची शेजारीण खाला. मध काढून झाला की यंत्राला, चाळणीला, पातेल्याला चिकटलेला मध ती निपटून घ्यायची आणि मधमाश्यांच्या पेट्यांत परत ठेवायची. कुणी चमचा चाटला, तर ती अशी बघायची की बिचारा जीभसुद्धा परत करायला निघायचा.

"त्यांच्याच घरचं हाय बावा. उरलंसुरलं तरी वापस द्यावं. आपण काय दरोडेखोर हाव का?"

मात्र वाढायचं ते दिवस मावळल्यावर, पेटीच्या आत. दिवसाउजेडी उघड्यावर ठेवलं, तर वासानं तगड्या पेट्यांतल्या माश्या येतात आणि दुबळी पेटी लुटतात.

त्या वर्षी निंबाखालची पेटी अगदी खंगली होती. मूठभर माश्या उरलेल्या. खाला तिला 'बाळंतीण' म्हणायची आणि उरलेला मध सगळा तिलाच वाढायची. ही जगली नाही, तर खालाही अन्न सोडणार, अशी आमच्या गल्लीची खात्री होती.

एकदा तिच्या नवऱ्याला, म्हणजे खालूंना, मदतीची उबळ आली. भर दुपारी मधाचं पातेलं बाळंतिणीसमोर ठेवून ते अंघोळीला गेले. बघता बघता आभाळ काळं झालं. किनवटच्या जंगलातल्या माश्यासुद्धा एसटी धरून आल्या असाव्यात! पातेलं फस्त करून त्या थेट बाळंतिणीच्या दारात घुसल्या.

"अजी, ओलं फडकं द्या! पेटी लुटून राहिल्या!"

खालू न्हाणीच्या दारात, ओल्या टॉवेलवर. "फडकं कुठं हाय?"

"अंगावर हाय की!"

"अगं, लाजबीज?"

"लाज घरात बसून करा. टॉवेल इकडं!"

खालू दाराआड गेले. टॉवेल तेवढा उडत बाहेर आला. खालानं तो पेटीवर पांघरला, दारात गवत कोंबून एका माशीपुरती वाट ठेवली. लुटारू वैतागून पेटीपासून हटल्या. खालू मात्र अंधार पडेपर्यंत घरातच. त्यांचे उरलेले कपडे दोरीवर, माश्यांच्या ताब्यात होते.

बाळंतीण वाचली. करडई फुलली तसं तिनं असं बाळसं धरलं, की तिच्या गुणगुणण्यानं आमच्या फळीवरचे डबे वाजायचे.

पुढं खाला नांदेडला लेकाकडे गेली, चौथ्या मजल्यावर. बाळंतीण माझ्या हवाली केली. आता मी मध काढला, की त्या संध्याकाळी तिचा फोन हमखास येतो. तिला बातमी कोण देतं, कुणास ठाऊक.

"वाढलंस का?"

"वाढलं, खाला."

"तुझं न्हाई ऐकायचं मला. फोन पेटीला लाव."

मी लावतो. पलीकडे खाला कान देऊन ऐकते. खालूंचा खोकलासुद्धा थांबतो. बऱ्याच वेळानं आवाज येतो, "हाव. जेवून राहिल्या." आणि फोन बंद.

मी जेवलो का, हे तिनं आजवर विचारलेलं नाही.