गणू पाळकाचा नावड्याचा रविवार

नावड्याला बसमधून उतरताना गणू पाळकाने आधी उजवा पाय खाली टेकवला, मग दांड्याला धरून डावा ओढून घेतला. कंडक्टर म्हणाला, "आरामात, काका." एकाहत्तराव्या वर्षी आरामाशिवाय दुसरं जमत तरी काय होतं?

करावे गावचा हा कोळी चर्चचा पाळक, म्हणजे धर्मोपदेशक होता; मेथडिस्ट मंडळीने त्याच्याकडे प्रार्थनेसाठी चार वस्त्या सोपवल्या होत्या. दर रविवारी एक. जुईनगरला कुणाच्या तरी घरातला हॉल, नावड्याला भाड्याची खोली. तीस वर्षं ही फेरी चालली होती. आधी सायकलवर, मग स्कूटरवर, गुडघे गेल्यावर बसने. पूर्वी खोली भरायची. आता चार बायका यायच्या, त्यातल्या दोघी ड्युटीच्या घाईत.

पाळक होण्याआधी गणू वाटाड्या होता. नवं शहर अजून कागदावरच होतं, तेव्हा मोजणीवाल्या साहेबांना खाडी दाखवायला अठरा वर्षांचा गणूच लागायचा. गाळ कुठे पाय पेलतो आणि कुठे कंबरेपर्यंत गिळतो, हे त्याला बापाच्या होडीत बसून कळलेलं. करावेपासून पार तळोज्याकडच्या खाडीपर्यंत तो साहेबांच्या पुढे चालला. ते बोट दाखवतील तिथे बांबू रोवायचा, लाल फडकं बांधायचं. लोक विचारायचे, "कनाला रं ह्ये?" तो सांगायचा, "नुस्ती मोजनी हाय." त्याला तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

पुढे त्याच खुणांवरून सरकारने शेतं घेतली, मिठागरं घेतली. गावाने त्याच्याशी बोलणं टाकलं आणि तो दारूत बुडाला. पनवेलच्या एका म्हाताऱ्या पाळकाने त्याला रस्त्यावरून उचलून घरी नेलं, सहा महिने ठेवून घेतलं. तिथून तो बाप्तिस्मा घेऊनच परतला. बायको सरस्वतीने देव्हाऱ्यातली एकवीरा हलवली नाही, आणि त्याला घराबाहेरही काढलं नाही. शनिवारी त्याचा पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवायची. अजून ठेवते.

त्या रविवारी नावड्याच्या खोलीत कुणीच आलं नाही. उंबऱ्यावर फक्त खोलीची मालकीण, धोंडूबाई. ऐंशी उलटलेली. ती प्रार्थनेला आत बसत नसे, पण पाळक आला की उंबऱ्यावर येऊन टेकायची. ही खोली भाड्याने घेतल्यापासूनची, दहा वर्षांची ओळख. गणूच्या बाजूने मात्र त्याहून जुनी. तिच्या शेतात बांबू रोवून झाल्यावर तिनेच त्याला तांब्याभर पाणी दिलं होतं. तिला ते आठवत नव्हतं आणि त्याने कधी आठवण करून दिली नव्हती. लोकांना मात्र तो महिन्याच्या महिन्याला सांगायचा, मनातलं कबूल करा. बसच्या प्रवासापेक्षा त्याला याचाच जास्त शीण यायचा.

"आज कोनी नाय," धोंडूबाई म्हणाली. "जा घरी, नीज जरा."

तो उठला नाही. "धोंडूबाय, तुज्या शेतान लाल फडकं मी लावलेलं."

ती उंबऱ्यावरच त्याच्याकडे वळून बसली. "कंच्या कोपऱ्यान?"

"उघाडीजवल."

"दाखव."

रिक्षा करून ते कारखान्यांच्या मागच्या रस्त्यावर गेले. गोदामांच्या भिंतींनी सगळीकडे सारखंच करून टाकलं होतं. नदीच्या वळणापासून अंदाज घेत गणू चालला, दोनदा चुकला, मागे फिरला. गुडघा ठणकत होता. शेवटी नाल्याच्या कडेला उघाडीचे दोन दगडी खांब सापडले. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून त्यांच्यामध्ये लाकडी दार बसवायचे. आता पलीकडे भिंत होती आणि भिंतीआड ट्रक.

"हितं," तो म्हणाला.

धोंडूबाई भिंतीला हात लावून उभी राहिली. जमीन गेल्यापासून चाळीस वर्षांत ती इकडे फिरकली नव्हती. "मना वाटायचं लय लांब हाय," ती म्हणाली. "घरापासून येवढंच?"

"चुकलो मी. माफ कर."

"मी कोन माफ करनारी? जमीन सासऱ्याची. तो मेला." मग भिंतीवरचा हात काढून, "तू नसतं लावलंस तं दुसऱ्यानं लावलं असतं. पन लावलंस तूच."



घरी सरस्वतीने विचारलं, "जेवलाव का?" त्याने सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, ताट वाढलं आणि म्हणाली, "येवढी वर्सं पोटान ठेवलाव होय?" दुसऱ्या दिवशी त्याने वरिष्ठांना फोन केला, नावडं माझ्याकडून काढून घ्या म्हणाला. तिकडून उत्तर आलं, दुसरं कुणी नाही.

म्हणून तो जात राहिला. पुढचे दोन महिने उंबरा रिकामा होता. खोलीला लागून असलेलं धोंडूबाईचं दार बंद असायचं. तिसऱ्या महिन्यात आत तीन बायका होत्या. गणूचा आवाज बसला होता, तो हळूहळू बोलत होता. मध्येच दाराशी काठी वाजली. धोंडूबाई उंबऱ्यावर टेकत होती. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, रस्त्याकडे तोंड केलं.

"मोठ्यानं बोल," ती म्हणाली. "हितं काय ऐकू येत नाय."

गणूने घसा खाकरला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.