न पिता झिंगणाऱ्या सुप्रभाबाई

तंजावूरच्या दक्षिण वीथीत राहणाऱ्या सुप्रभाबाई मुलींच्या एका खाजगी शाळेत भूगोल शिकवतात. मराठी राजवटीत इथे स्थिरावलेल्या त्यांच्या घराण्यात कोणी मद्याला स्पर्श केल्याचे ऐकिवात नाही. खोकल्याचे औषधसुद्धा बाटलीवरचा मजकूर वाचूनच घरात येते. असे असताना गेल्या वर्षी, जेवणाच्या सुट्टीनंतरच्या तासाला, त्यांनी फळ्यावर कावेरी काढली ती समुद्राकडून डोंगराकडे वाहणारी. ‘थकली बिचारी, माहेरी निघाली आहे,’ असे वर्गाला सांगून त्या स्वतःच रडू लागल्या. तोंडाचा दारूसारखा दर्प पुढच्या बाकांपर्यंत पोहोचला.

मुख्याध्यापिका नागलक्ष्मी मॅडमनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिली : पीत नसल्याचा पुरावा आणा, नाहीतर राजीनामा. न घडलेल्या गोष्टीचा पुरावा कसा द्यावा, हा तर्कशास्त्रातला जुना पेच आहे. भूगोलाच्या शिक्षिकेपुढे तो प्रथमच आला होता.

पहिल्या डॉक्टरांनी त्यांचा श्वास हुंगला आणि व्यसनमुक्ती केंद्राकडे पाठवले. तिथल्या समुपदेशकाने समजावले, की व्यसन नाकारणे हेच व्यसनाचे पहिले लक्षण. ‘तसं असेल तर मान्य करते,’ असे सुप्रभाबाई सौजन्याने म्हणाल्या, तेव्हा प्रकृतीत सुधारणा असल्याचे त्याने जाहीर केले. घरी पती वरुणरावांनी सगळी कपाटे तपासली, पत्नीची क्षमा मागितली आणि पुन्हा तपासली. सासूबाईंचा, म्हणजे वेंकूबाईंचा, विश्वास मात्र अढळ राहिला.

“ही पीत नाहीं, मज ठावं आहे,” त्या म्हणाल्या. “उष्णता चढली आहे.”

उष्णतेवर उतारा म्हणून त्यांनी सुनेला रोज सकाळी रात्रभर पाण्यात मुरवलेला भात ताक घालून द्यायला सुरुवात केली. परिणामी, पूर्वी दुपारी झिंगणाऱ्या सुप्रभाबाई आता न्याहारीपासूनच झिंगू लागल्या.

अखेर पोटविकारांच्या डॉक्टर हरिणी यांनी आजवर कोणी न विचारलेला प्रश्न विचारला : काय काय खाता? नाकाच्या आजारासाठी प्रतिजैविके दीर्घकाळ घेतल्याचेही त्यातून कळले.

“तुमच्या आतड्यात यीस्ट माजलंय. भात पोटात गेला की ते त्याची दारू करतं. फार दुर्मीळ आहे, पण आहे.”

“म्हणजे भट्टी आमच्याच घरात?” वरुणराव हादरले.

“घरात नाही हो. यांच्या पोटात.”

हे सिद्ध करायचे तर रुग्णालयात, सतत पहाऱ्याखाली, ग्लुकोज आणि भात देऊन अधूनमधून रक्त तपासायचे. साक्षीदार म्हणून नागलक्ष्मी मॅडम जातीने आल्या आणि केसांच्या तेलाची बाटलीही त्यांनी हुंगून पाहिली.

दुपार होत आली तरी सुप्रभाबाई पूर्ण शुद्धीत होत्या. कुटुंबात चिंता पसरली.

“अग, चढत नाहीं कां अजून?” वेंकूबाईंनी विचारले.

“नाहीं हो, आत्या,” सुप्रभाबाई सासूबाईंना म्हणाल्या.

“मन लावून खा. घराण्याच्या अब्रूचा प्रश्न आहे! वरुणा, दहीभात वाढ तिला.”

“अम्मा, ही तपासणी आहे, पंगत नाही,” डॉक्टर म्हणाल्या.

थोड्या वेळाने सुप्रभाबाईंनी सलाईनच्या स्टँडला वाकून नमस्कार केला आणि त्याला घरच्यांची खुशाली विचारली.

“चढली! चढली बाई एकदाची!” वेंकूबाईंनी टाळ्या वाजवल्या. वरुणरावांचे डोळे भरून आले. रक्तातही मद्य सापडले. नागलक्ष्मी मॅडम उठून म्हणाल्या, “माझी चूक झाली, सुप्रभा.”

प्रकरण इथे मिटले असते. परंतु सुप्रभाबाईंनी प्रेमाने त्यांचा खांदा धरला. “मॅडम, एक सांगू? सकाळची प्रार्थना तुम्ही म्हणत जाऊ नका. तुम्ही सूर लावता आणि सगळ्या मुली वाट चुकतात.”

मॅडमचे माहेर कर्नाटक संगीताची पंढरी असलेल्या तिरुवैयारुचे. गाणे त्या तिथेच शिकल्या होत्या.

“डॉक्टर अम्मा,” वेंकूबाई घाईने म्हणाल्या, “आतां उतरवा हिची!”

यीस्ट मारणारी औषधे सुरू झाली. भात, इडली, दोसा, गोड, सारे बंद. गल्लीने त्यांचे पिणे एकवेळ पोटात घातले होते, पण तंजावुरात राहून भात न खाणारी बाई कोणालाच सहन होईना.

बऱ्या होऊन त्या शाळेत गेल्या, तेव्हा मॅडमनी त्यांना उभेच ठेवले.

“तुम्ही प्यायला नव्हतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे बोललात ते शुद्धीत.”

सुप्रभाबाईंनी रक्ताचा अहवाल पुढे केला. “शुद्ध नव्हती, मॅडम.”

“मग ते खोटं होतं, असं म्हणा आणि वर्गावर जा.”

इतके दिवस खरे बोलून खोटारड्या ठरलेल्या बाईंना आता एका खोट्यावर नोकरी परत मिळत होती. त्यांनी प्रयत्न करून पाहिला.

“म्हणवत नाही, मॅडम.”

मॅडमनी अहवाल घडी घालून परत केला.

“ठीक आहे. वर्गावर जा. उद्यापासून प्रार्थनाही तुम्हीच म्हणायची. रोज.”

तेव्हापासून सुप्रभाबाई रोज सकाळी ध्वनिक्षेपकासमोर उभ्या राहतात. त्या पूर्ण शुद्धीत असतात आणि मॅडमपेक्षाही बेसूर गातात. मॅडम शेजारी डोळे मिटून उभ्या असतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचे समाधान शेवटच्या रांगेतूनही दिसते.