अण्णांचं सेम्बावांग आणि बारा भागांचा चहा

एकोणिसाव्या शतकातल्या रशियन व्यापाऱ्यांनी आमच्या घराचं काहीही वाकडं केलेलं नाही. जे केलं ते मी केलं.

झालं असं, की माझे वडील, अण्णा, महिनाभरासाठी पुण्याहून परदेशी, आमच्या हौगांगच्या फ्लॅटवर आले. तरुणपणी ते जहाजावर इंजिनिअर होते आणि त्यांचं जहाज दुरुस्तीसाठी तीन महिने इथेच, शहराच्या दुसऱ्या टोकाला, सेम्बावांगच्या गोदीत होतं. आल्या आल्या म्हणाले, "एकदा तिकडे जाऊ रे. तुला दाखवायचंय."

"जाऊ की! ह्याच शनिवारी!" (हे वाक्य मी पुढे दर आठवड्याला म्हणालो.)

पण माझा बेत आधीच ठरला होता. अण्णांनी जन्मभर रशियन कादंबऱ्यांची मराठी भाषांतरं वाचली. म्हणून मी खास त्यांच्यासाठी बारा भागांची मालिका शोधून ठेवली होती. मॉस्कोतलं व्यापारी घराणं, घोडागाड्या, चहाचा भलामोठा समोवर! शनिवारी माझ्या बायकोने, मृणालने, कांदेपोहे केले आणि मी पडदे ओढले.

"अण्णा, एक भाग बघू आणि निघू!"

पहिल्या भागात सगळ्यांनी चहा घेतला. दुसऱ्यात चहा घेता घेता मुलीच्या लग्नाचं निघालं. तिसऱ्यात थोरला मुलगा संतापून उठला आणि चौथ्यात परत येऊन बसला, कारण चहा गार होत होता! एका दृश्यात तर होणाऱ्या सासऱ्याची नकली दाढी डाव्या कानापाशी सुटलेली मला स्पष्ट दिसली.

"कशी वाटतेय, अण्णा?"

"छान आहे रे," अण्णा म्हणाले. "तुला?"

"मला? उत्तम!"

आता वडिलांना आवडलेली गोष्ट अर्धवट कशी सोडायची? पुढच्या शनिवारी पुन्हा पोहे, पुन्हा पडदे. तिसऱ्या आठवड्यात आमची दहा वर्षांची ईरा इथल्या पोरांच्या इंग्रजीत ओरडली, "बाबा, आजोबा स्लीपिंग, ला!"

"झोपलो नाही," अण्णा दचकून म्हणाले. "डोळे मिटून ऐकतोय." (मालिका रशियन भाषेत होती!)

शेवटच्या रविवारी शेवटचे दोन भाग उरले होते. अण्णा सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात जहाजाचा जुना फोटो ठेवून सोफ्यावर बसले होते. मला वाटलं, शेवटच्या भागाचा मान म्हणून!

दुसऱ्या दिवशी विमानतळावर बॅग देऊन झाल्यावर ते हळूच म्हणाले, "मालिका मात्र रद्दड होती हं."

"अहो अण्णा! मग बघितलीत कशाला?"

"तू एवढ्या हौसेने लावायचास. तुझं मन मोडवेना."

"मी तुमच्यासाठी लावायचो!"

"आणि मी ती सहन करत होते ती कुणासाठी?" शेजारी उभ्या मृणालने विचारलं. आम्ही तिघंही हसलो. मग अण्णांनी खिसा चाचपला, फोटो जागेवर असल्याची खात्री केली आणि आत निघून गेले. मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. सेम्बावांगला एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, तासाभराचा रस्ता होता हो!

पुढच्या रविवारी मी एकटाच सेम्बावांगला गेलो आणि अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. गोदीत आत सोडत नव्हते. मी कुंपणापाशी उभा राहून फोन उंच धरला. समोर एक क्रेन, थोडंसं पाणी आणि खूपसं कुंपण!

"दिसतंय का, अण्णा? तुम्ही कुठे राहायचात? डावीकडे नेऊ?"

त्यांनी चष्मा वर करून फोन डोळ्यांशी नेला. मग म्हणाले, "छान आहे रे."

हा स्वर माझ्या चांगल्या ओळखीचा होता. बारा भाग ऐकला होता मी तो!