प्राचार्यांशी केलेली घासाघीस

पलटणीतून सुटलो तेव्हा तिशी गाठली होती. बंगळूरला शिवाजीनगरात एका खोलीत बिऱ्हाड थाटलं. लष्करानं काढून टाकलेल्या बुटांचा आणि कोटांचा धंदा सुरू केला, आणि संध्याकाळच्या कॉलेजात नाव घालायचं ठरवलं. माजी सैनिकाची फी सरकार देणार होतं. पण कशी? आधी तुम्ही भरा, वर्ष पास व्हा, मग पावती दाखवून पैसे घ्या.

"आधी भरायला असते तर इथे कशाला आलो असतो?" मी सैनिकांच्या कचेरीतल्या कारकुनाला विचारलं.

तो म्हणाला, "तुम्ही तर स्टोअरात होता. लढलात कुठे?"

ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही. लढणाऱ्यांच्या पायातले बूट काय आभाळातून पडत होते?

तसाच तणतणत कॉलेजात गेलो. प्रवेश दुसऱ्या दिवशी बंद होणार होते. प्राचार्य धारवाडकडचे, मी बेळगावचा, त्यामुळे बोलणं कानडीत झालं. मी अर्धी फी सांगितली. "पूर्ण," ते म्हणाले. मी थोडी चढवली. "पूर्ण." मग चिकपेटेच्या बाजारात माल घेताना करतो तेच केलं. उठलो, टोपी घातली आणि दाराकडे निघालो. दुकानदार गिऱ्हाइकाला पायरी उतरू देत नाही, हा माझा अनुभव. मी पायऱ्या उतरलो, फाटकाशी उगाच चप्पल झटकत उभा राहिलो. कोणी हाक मारली नाही.

घरी बायको पोट धरून हसली. "अहो, त्यांना काय संध्याकाळच्या आत माल खपवायचाय? गरज तुम्हाला आहे!"

सकाळी पुन्हा गेलो. प्राचार्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "काय, दुसरीकडे स्वस्त मिळालं नाही?"

राग गिळला, पण मान खाली घातली नाही. "साहेब, एक पैसा कमी करू नका. मुदत द्या. पलटणीत पगार महिना संपल्यावर मिळायचा, पण जेवण पहिल्या दिवसापासून."

"आणि फी आली नाही तर?"

"बूट विकून दर महिन्याला भरीन. चुकलो तर बाहेर काढा."

त्यांनी प्रवेशाचा अर्ज माझ्यापुढे सरकवला. "दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत. नाहीतर सहा तारखेला वर्गात दिसायचं नाही."

"सरी, ठरलं," मी म्हणालो आणि त्याच संध्याकाळी पोरांच्या घोळक्यात जाऊन बसलो.

कचेरीचे पैसेही सोडले नाहीत. दर वर्षी निकाल लागला की त्याच कारकुनासमोर ठाण मांडायचं, आणि सही झाल्याशिवाय उठायचं नाही. माझा हक्क होता तो. आणि पदवी मिळेपर्यंत दर सहा तारखेला मी मुद्दाम पहिल्या बाकावर बसलो, प्राचार्यांना व्हरांड्यातून जाताना दिसावं म्हणून.