एक्केचाळिसाव्या पानावरचं दार

तू जरा डोळे मिट. मग वाचायचं कसं, असं विचारशील. तर अर्धेच मिट. आता कल्पना कर, दुपारचे तीन वाजलेत, जेवणं झालीत. मिरजेतलं आमचं दुसऱ्या मजल्यावरचं घर आहे आणि मी सतरंजीवर पडलोय. चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेला माणूस आहे मी, घोरलो तर हसू नकोस. माझ्या छातीवर एक जाड पुस्तक उघडं आहे. तू शेजारी बस. माझा डोळा लागेपर्यंत तुला त्या पुस्तकाचं सांगतो.

पुस्तक माझ्या मुलाचं, मंदारचं. मंदार गेल्या वर्षी आजारपणात गेला. हे एका खेळाचं पुस्तक आहे. टेबलाभोवती बसायचं, एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. भुयारात शिरायचं की परत फिरायचं, हे आपणच ठरवायचं. अडलं की फासे टाकायचे. मंदार गोष्ट सांगायचा आणि त्याची मुलगी सावनी, वय वर्षं दहा, हातात कंदील घेऊन भुयारातून चालायची. कंदील खोटा, भीती खरी.

हे पुस्तक छापणाऱ्यांनी कधीच दुकान बंद केलं. त्यामुळे झालं असं, की जे पुस्तक मंदारने पुण्याच्या फुटपाथवर वडापावच्या भावात घेतलं, त्याच्यासाठी लोक आता हजारो रुपये मोजतात. तो मला चिडवायचा, "अण्णा, तुमची एफडी झोपलीय. माझं पुस्तक बघा कसं वाढतंय."

सून वृषाली म्हणाली, विकू या, सावनीच्या शिक्षणाला होतील. मलाही पटलं. पुण्याच्या बर्वे नावाच्या संग्राहकांना फोन केला.

"पानांवर काही लिहिलंय का आजोबा?" त्यांनी विचारलं.

"पेन्सिलीने थोडं आहे."

"मग निम्मी किंमत. कोरी असती तर गोष्ट वेगळी होती. बघा, शनिवारी पाच वाजता येतो."

मी रबर घेऊन बसलो. पान न चुरगळता पुसायचं कसं, हे माझ्याइतकं कुणाला येणार? दोन दिवसांत सगळं पुस्तक कोरं केलं. काल सावनीला कौतुकाने दाखवलं. तिने सरळ एक्केचाळिसावं पान काढलं.

"आजोबा, इथलं पुसलंत?"

"हो गं. बघ, डागसुद्धा नाही."

"मी त्या दारापाशी थांबलेय. बाबा दवाखान्यात गेला तेव्हापासून. दारामागे काय आहे ते त्याने इथे लिहिलं होतं. बरा झाल्यावर सांगणार होता."

ती रडली नाही. आत गेली. तेव्हापासून माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. आज शनिवार आहे.

पंख्याचा आवाज लांब जातोय. पापण्या जड झाल्यात. आता तूही गप्प राहा.

मी वर्गात उभा आहे. बाकं रिकामी आहेत. शेवटच्या बाकावर मंदार बसलाय, गुडघे बाकात मावत नाहीत. दाढी वाढलेली, अंगात दवाखान्यातला निळा शर्ट.

"किती म्हणाले?" तो विचारतो.

"कोरं असेल तर दुप्पट."

"म्हटलं नव्हतं?" तो हसतो. हसणं त्याचंच आहे, पण आवाज येत नाही.

मी त्याच्याकडे जायला निघतो. बाकांवर जुनी पुस्तकं मांडलेली आहेत. पायाखाली फरशी नाही, फुटपाथ आहे. मंदार वीस वर्षांचा आहे, उकिडवा बसून पानं उलटतोय. विक्रेता म्हणतो, "घ्या साहेब, कुणी नेत नाही हे." मंदार खिसे चाचपतो. मी पैसे पुढे करतो, तर तो मान हलवतो.

"हे माझं मला घेऊ द्या अण्णा."

पुस्तकांची रांग संपत नाही. आता ती रांग खुर्च्यांची आहे. दवाखान्यातल्या लोखंडी खुर्च्यांची रांग. पुढे पुढे दिवे कमी होत जातात. भिंत काळ्या दगडाची होते, ओली होते. मंदार माझ्यापुढे आहे, तळहात भिंतीवरून फिरवत चाललाय.

"इथेच होतं," तो म्हणतो.

"काय?"

"दार. पलीकडे सावनी उभी आहे. तिला सांगायचं राहिलंय."

"मला सांग ना. मी सांगतो तिला."

"मला आठवत नाही अण्णा. लिहून ठेवलं की मी विसरतो, तुमच्यासारखाच. पण पुसताना तुम्ही वाचलं असेल."

मी बोटांना चिकटलेला रबराचा चुरा झटकतो.

"एखादी ओळ?"

"मी वाचत नव्हतो रे. पुसत होतो. चाळीस वर्षं पोरांच्या चुका पुसल्या, हात आपोआप चालतो."

"ही चूक नव्हती," तो म्हणतो. तो रागावलेला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. "किती वेळ उभं राहायचं तिने तिथे?"

मग तो माझा हात धरतो. त्याचा हात थंड नाही, गरमही नाही. माझं बोट तो दगडावर टेकवतो. दगडात बारीक, केसाएवढ्या खाचा आहेत.

"मंदार, हे काय आहे?"

बोटाखाली खाचा आहेत. हात धरणारा हात नाही.

मी जागा होतो. चार वाजत आलेत. माझं बोट छातीवरच्या पुस्तकात, एक्केचाळिसाव्या पानावर आहे, आणि बोटाखाली खाचा तशाच आहेत. खिडकीतून तिरपं ऊन आलंय, त्यात त्या दिसतातसुद्धा. पेन्सिलीचा काळेपणा मी पुसला होता. मंदारने पेन्सिल दाबली होती, ते दाबणं कागदात राहिलंय.

मी सावनीला हाक मारली. ती दारात आली, आत आली नाही. मी तिला स्वप्न सांगितलं, मग पान दाखवलं.

"पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवलीस तर अक्षरं पांढरी उमटतील. पण पान काळं होईल. मग बर्वेकाका पुस्तक घेतीलच असं नाही. आईला विचारू या."

वृषाली ओट्यापाशी होती. तिथूनच म्हणाली, "पुसताना विचारलं होतंत का मला?" मग गॅस बंद करून, "सावनी, तुला हवं ते कर."

सावनी पेन्सिल घेऊन माझ्याशेजारी बसली. मी तिला शेडिंग शिकवलेलं आहे, हात हलका आहे तिचा. करड्या रंगातून मंदारचं अक्षर वर आलं. ती एकेक शब्द वाचत गेली.

"दार उघडलं की पाणी. पाण्यापलीकडे दिवा. दिव्यापाशी कुणीतरी वाट बघत बसलंय. ते म्हणजे..."

पुढे काही उमटेना. तिथे त्याने सगळ्यात ठळक लिहिलं असणार, म्हणून मी तिथेच सगळ्यात जास्त घासलं होतं. कागदाची साल निघाली होती.

"चुकलो गं मी," मी म्हणालो.

तिने तिथली लव नखाने खाली बसवली.

"स्वप्नात त्याने सांगितलं नाही, कोण ते?"

"विसरलो म्हणाला."

"खोटं," ती म्हणाली. "बाबा हे विसरणार नाही."

पाच वाजता खाली रिक्षा थांबली. जिन्यात पावलं वाजली. वृषाली हात पुसत दाराकडे गेली. सावनीने मान वर केली नाही. तिने पान डाव्या हाताने माझ्यापासून झाकलं आणि त्या सोललेल्या जागेखाली, दात ओठांवर रोवून, सगळा भार पेन्सिलीवर टाकून लिहायला लागली. कडकन टोक मोडलं. तिने दप्तरातून शार्पनर काढला, टोक केलं, आणि मोडलं होतं तिथूनच पुढे लिहू लागली.